रस्त्याची मागणी ऑगस्टमध्ये नको, जानेवारीत करा

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तेच घडते. रस्त्यांवर खड्डे पडतात, निवेदने दिली जातात, रास्ता रोको होतो, कुणी खड्ड्यात झाड लावून फोटो काढतो आणि गणपतीच्या तोंडावर घाईघाईने खडी-मुरूम टाकला जातो. दिवाळीपर्यंत विषय मागे पडतो. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी तोच खड्डा. निकृष्ट काम आणि त्यामागची टक्केवारी हे याचे एक कारण आहेच. पण दुसरे कारण आपल्या हातातले आहे. आपण मागणी चुकीच्या महिन्यात करतो.

डांबरी रस्ता उन्हाने तडकतो आणि पाण्याने मरतो. एप्रिल-मेच्या उन्हात जुने डांबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. पहिल्या पावसात पाणी त्या भेगांतून खाली उतरते. खडीला धरून ठेवणारे डांबर सुटू लागते, खालचा थर भिजून मऊ होतो. वरून डंपर गेला की अडकलेले पाणी दाबाने खडी उचकटते. म्हणजे ऑगस्टमध्ये दिसणाऱ्या खड्ड्याची सुरुवात मे महिन्यातल्या भेगेत झालेली असते.

आपल्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि तोही जवळजवळ चार महिन्यांत. या काळात गरम डांबराचे काम नीट होऊच शकत नाही. गरम मिश्रण साधारण 140 अंश तापमानाला अंथरावे लागते आणि ते 90 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यावर रोलर फिरवून दबाई पूर्ण करावी लागते. पाणी साचलेल्या पृष्ठभागावर किंवा पाऊस चालू असताना डांबरीकरण करू नये, असे केंद्रीय रस्ते मंत्रालयाची मानकेच सांगतात. तरीही आपण भर पावसात ‘आजच्या आज डांबर टाका’ म्हणून कार्यालयाबाहेर बसतो. मग अधिकारीही आपल्याला शांत करण्यापुरते डांबर टाकतात. ते पंधरा दिवसांत वाहून जाते आणि त्याचे बिल मात्र निघते.

यात सरकारी वर्षाची भर पडते. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कामांची झुंबड उडते. मुळात हा काळ डांबरासाठी चांगला आहे. ऊन असते, पृष्ठभाग कोरडा असतो. पण निविदा आणि मंजुरी लांबली की काम मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकले जाते आणि नवा थर बसण्याआधीच पाऊस येतो. त्यातच नळपाणी योजनेच्या पाइपलाइनसाठी नुकताच झालेला रस्ता खोदला जातो. चर नीट दाबून न बुजवल्यामुळे पहिल्या सरीला खचतो. आधी पाइप, मग डांबर, एवढा साधा क्रमही पाळला जात नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे यंत्रणा बंद पडल्यावर दुरुस्त करणे सर्वांत महाग पडते, हे नवख्यालाही माहीत असते. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक आधीच ठरते आणि ते कुणाच्या मर्जीवर सोडले जात नाही. रस्त्यासाठी असे वेळापत्रक आपल्याकडे आयतेच आहे. गावात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होते. हे चार दिवस रस्त्याच्या चार ऋतूंशी जुळतात.

जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करावा की गावच्या डांबरी रस्त्यांवरील भेगा भरणे, उखडलेल्या कडा बांधणे आणि गरज असेल तिथे नवा थर टाकणे ही कामे एप्रिलअखेर पूर्ण व्हावीत. ठरावाची प्रत संबंधित खात्याला पोहोच घेऊन द्यावी.

1 मे रोजी फक्त पाण्याचे बोलावे. गटारे आणि मोऱ्या साफ झाल्या का? साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच तर झाली नाही? पावणेचार मीटर रुंदीच्या गावरस्त्याचा मधला भाग कडेपेक्षा साधारण चार-पाच सेंटिमीटर उंच असावा लागतो, तरच पाणी बाजूला उतरते. कडेला माती साचली की तेच पाणी रस्त्यावर तुंबते. हे काम फावडे-घमेल्याचे आहे. डांबराच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ आहे आणि रस्त्याचे आयुष्य सर्वांत जास्त त्यानेच वाढते.

15 ऑगस्टला नोंद करावी. कुठे खड्डा, किती लांब-रुंद, तारीख, फोटो. धोकादायक खड्डे तात्पुरते भरून घ्यावेत. त्यासाठी पावसात वापरता येणारे थंड मिश्रण मिळते, पेव्हर ब्लॉकही चालतात. पण त्याला तात्पुरतेच म्हणावे आणि कागदावरही तसेच लिहून घ्यावे.

2 ऑक्टोबरला ही यादी पक्क्या दुरुस्तीसाठी पुढे करावी. पाऊस माघारी गेल्यावर खड्डा चौकोनी कापायचा, आतला चिखल काढून कोरडा करायचा, डांबराचा हात द्यायचा, थराथराने भरून दाबायचा. फावड्याने मिश्रण ओतून वरून ट्रकचे चाक फिरवले म्हणजे दुरुस्ती झाली नाही.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधीलही बरीच गावे येतात. तिथे पेसा कायद्यानुसार पाड्याला स्वतंत्र गावाचा दर्जा मिळवून स्वतःची ग्रामसभा घेता येते. ज्या पाड्याचा जोडरस्ता मोठ्या ग्रामपंचायतीच्या यादीत कायम शेवटी राहतो, त्याने हा हक्क वापरायलाच हवा.

रस्ता कुणाचा, हे आधी शोधावे लागते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पहिली पाच वर्षे देखभाल करणे हे ठेकेदारावर करारानेच बंधनकारक आहे. रस्त्याकडेच्या फलकावर त्याची माहिती असते. फलक नसेल तर माहिती अधिकारात कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्वाचा कालावधी मागावा. उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून हा अर्जही ऑक्टोबरमध्येच टाकावा.

‘सगळे काँक्रीट करून टाका’ असे अनेकजण म्हणतात. काही ठिकाणी ते योग्यही आहे. पण त्याचा खर्च मोठा आहे आणि खालून पाणी शिरले तर काँक्रीटही तडकते. गटार नसलेल्या गावात काँक्रीट टाकले की पाणी थेट शेजारच्या घरात जाते.

यात काय पणाला लागले आहे, ते सांगायला हवे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तो याच शहापूर तालुक्यातून जातो. त्याच तालुक्यात पाड्यावरच्या गरोदर बाईला झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या पावसाळ्यात येत असतात. मुरबाडला रेल्वे नाही. धसई-टोकावड्याकडच्या रुग्णाला कल्याण किंवा उल्हासनगर गाठायचे तर रस्ता हाच एक पर्याय आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यात स्पष्ट झाले. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. देखभाल त्याच्या आधी मागायची असते.

मोहल्ला कमिट्या, जमातींचे पदाधिकारी, बचत गट आणि युवक मंडळे यांनी या कामात पुढे यावे. खड्डा धर्म विचारत नाही, म्हणून ही मागणीही सर्वांना बरोबर घेऊन करता येते. आपल्याच आवारापासून सुरुवात करू. शाळा, मशीद, सभागृह किंवा भातगिरणीसमोरच्या डांबरी पट्ट्यावर मे महिन्यात एक फेरी मारा. भेगा भरून घ्या, पाण्याला वाट करून द्या, गाड्यांतून सांडलेले डिझेल-ऑइल पुसा, कारण त्याने डांबर विरघळते. आणि येत्या 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर घरी जाऊ नका. ग्रामसभेला थांबा, रस्त्याचा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.