चाचणीतून गळणारी माणसे

नव्या औषधाची चाचणी सुरू होते तेव्हा नावे नोंदविणाऱ्यांची संख्या अभिमानाने सांगितली जाते. अखेरीस त्यांपैकी किती उरले, हे मात्र अहवालाच्या कोपऱ्यात शोधावे लागते. मध्येच निघून गेलेल्यांवर बेजबाबदारपणाचा शिक्का मारून मोकळे होण्याची रूढी आम्हांस मान्य नाही.

दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथे २००९ साली सुरू झालेल्या 'व्हॉइस' चाचणीचेच पाहा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या व जेल यांच्या परीक्षेसाठी तीत ५,०२९ स्त्रिया सामील झाल्या. वरवर पाहता गळती फारशी नव्हती. बहुतेकजणी ठरल्या तारखांना येत, औषध नियमाने घेतो असे सांगत. रक्त तपासले तेव्हा जेमतेम पंचवीस-तीस टक्के नमुन्यांत औषधाचा अंश सापडला! चाचणीत एकही औषध परिणामकारक ठरले नाही. पण ते घेतले तरी कोणी होते? पुढे विचारपूस झाली तेव्हा कारणे कळली : गोळ्या दिसल्या तर शेजारीपाजारी आपणांस रोगी समजतील ही भीती, धडधाकट शरीरास अपाय होईल ही धास्ती, घरच्यांचा संशय. उघड निघून जाणारा त्या मानाने प्रामाणिकच म्हणावयाचा.

अर्थात त्याच्या जाण्यानेही हानी होतेच. औषध न मानवलेले निघून गेले आणि मानवलेले तेवढे मागे राहिले, तर औषध आहे त्याहून गुणकारी भासते. म्हणून आरंभी नोंदलेल्या सर्वांना हिशेबात धरण्याचा दंडक आहे. परंतु न मिळालेली माहिती गणिताने निर्माण होत नाही.

आपल्याकडील २०१९ च्या नियमांनी सहभागी व्यक्तीस केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क दिला आहे, आणि तो अबाधितच राहिला पाहिजे. पण जाण्याची मुभा देणे निराळे आणि राहणे शक्य करणे निराळे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची साध्या व्हिनेगरने तपासणी केली, तेव्हा आरोग्यसेविका वस्तीतच गेल्या. सुमारे ८९ टक्के स्त्रियांनी तपासणी करून घेतली. तपासणी न झालेल्या तुलनेच्या गटाविषयी पुढे नैतिक आक्षेप निघाले, ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु वस्तीत जाण्याचा धडा त्यामुळे खोटा ठरत नाही. सकाळी दहाला रुग्णालयात हजर राहावयाचे, तर रोजंदाराची त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार, हे आराखड्यास मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने पहिल्याच बैठकीत विचारावे.