दप्तर कोणाच्या स्वाधीन?

संस्थेचे दप्तर 'क्लाउड'वर ठेवावे काय, हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. सातपुड्यातील धडगावसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या सेवासंस्थांसमोरही तो उभा आहे. किंबहुना, तेथे तो अधिक गंभीर आहे.

वनहक्क कायदा २००६ सालचा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे त्यासाठी द्यावे लागतात. जनजातीच्या कुटुंबापाशी त्या जमिनीचा सातबारा नसतो. असतात त्या वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, वृद्धांचे जबाब, स्थळपाहणीचे नकाशे. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तेथून जिल्हा समितीकडे जातो. फेटाळला गेला तर अपील. यात वर्षे जातात. अक्राणी तालुक्यात सरदार सरोवराच्या बुडितात गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे कागद आणखी वेगळे. येथे एक पावती हरवणे म्हणजे एका कुटुंबाची जमीन पणाला लागणे होय.

कपाटातले कागद सुरक्षित असतात, हा समज २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने खोटा ठरवला. तेव्हा कागदाची संगणकीय प्रत हवीच. पण ती ठेवायची कोठे? 'क्लाउड' या शब्दाने भुलून जाण्याचे कारण नाही. कोणा कंपनीच्या इमारतीतील, त्या कंपनीच्या मालकीच्या संगणकावर आपले दप्तर ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रश्न दराचा नसून ताब्याचा आहे.

बहुतेक छोट्या संस्थांत घडते ते असे : एखादा उत्साही तरुण कार्यकर्ता स्वतःच्या गूगल खात्यात सारे कागद चढवतो. पंधरा जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, म्हणून सारे समाधानी. उद्या तो नोकरीनिमित्त सुरतेला गेला, तर किल्ली त्याच्याबरोबर जाते. शिवाय, दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते माहितीसह काढून टाकण्याचे गूगलचे धोरण २०२३ पासून आहे. वनहक्काचा दावा त्याहून अधिक काळ पडून राहू शकतो! म्हणून खाते संस्थेच्या नावाचे हवे, आणि त्याची किल्ली किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे हवी.

दुसरा मुद्दा स्वदेशीचा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने नायराच्या सेवा थांबवल्या. पैसे मोजून घेतलेल्या सेवेसाठी, भारतीय भूमीवर काम करणाऱ्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. परक्याच्या हाती किल्ली देण्याचा अर्थ यातून कळावा. चेन्नईच्या झोहोसारखा भारतीय पर्याय आज उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्था तिच्याकडे गेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुणवत्तेत उणे नसेल, तर भारतीय पर्यायाला प्रथम पसंती देणे उचितच.

परंतु स्वदेशी म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे त्यांच्याच सरकारच्या माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह'मधील ८५८ टेराबाइट माहिती तीत नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. यंत्रणा स्वतःची होती, देश स्वतःचा होता. उणीव होती ती केवळ शिस्तीची.

धडगावपुरता विचार करता आणखी काही कसोट्या लावल्या पाहिजेत. नेट नसतानाही संगणकावर फाइल उघडता यावी आणि जोडणी येताच बदल आपोआप वर जावेत. मराठी नावाने फाइल शोधता यावी. सेवा सोडायची झाल्यास सारे दप्तर जसेच्या तसे बाहेर काढता यावे. ही सोय नसेल, तर तो करार करूच नये. 'नेक्स्टक्लाउड'सारखी मुक्त प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, हे खरे. पण ती सांभाळणारा जाणकार तालुक्यात नसेल, तर तिचा आग्रह अव्यवहार्य ठरेल. कोणतीही सेवा निवडली, तरी एक प्रत हार्डडिस्कवर, दुसऱ्या गावी, शहाद्याला किंवा नंदुरबारला, असलीच पाहिजे. आणि दरमहा ती खरोखर उघडते काय, हे पाहिले पाहिजे.

या दप्तरात जातीचे दाखले असतात, आधारच्या प्रती असतात. आधारचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी झाले होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती जपण्याचे दायित्व ती गोळा करणाऱ्यावर टाकले असून, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. कोणी काय पाहावे, हे संस्थेने आजच ठरवणे अगत्याचे आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवर कुजणारी दप्तरे मिळवली. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यावर तो संग्रह जपण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. साधने बदलली, तरी जपणूक माणसांनाच करावी लागते. डोंगरातील ज्या माणसाने विश्वासाने आपली एकुलती एक पावती संस्थेच्या हाती दिली, त्याला क्लाउड ठाऊक नाही. तो संस्थेला ओळखतो. ती पावती मागितल्या दिवशी त्याच्या हाती पडली पाहिजे. सेवा कोणती घ्यायची, याचा निर्णय कार्यकारिणीने याच कसोटीवर करावा.