‘सर्व्हर डाऊन’ म्हणता, पण बंद नेमकं काय आहे?

सेतू केंद्र असो, दुय्यम निबंधक कार्यालय असो की रेशन दुकान, एक वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ कन्नड किंवा पैठणहून एसटीने छत्रपती संभाजीनगरात आलेल्या माणसासाठी ‘उद्या’ म्हणजे आणखी एक बुडालेला रोज. तांत्रिकदृष्ट्या मात्र हे वाक्य अनेकदा अर्धवट असतं. सर्व्हर चालूच असतो, त्याच्यापर्यंत जाणारी वाट बंद असते. हा फरक लोकांना सांगणं सरकारी यंत्रणांवर बंधनकारक असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते समजण्यासाठी आधी पेटी उघडून पाहू.

एक पेटी, सोळा सर्व्हर

डेटा सेंटरमधले सर्व्हर बऱ्याचदा एकेकटे नसतात. ‘चेसिस’ नावाच्या धातूच्या पेटीत ते कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे खोचलेले असतात. त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. एचपीची २००६ मध्ये आलेली सी७००० ही पेटी याचं ठळक उदाहरण. साडेसतरा इंच उंचीत अर्ध्या आकाराचे १६ ब्लेड, सहा पॉवर सप्लाय, दहा पंखे आणि मागे नेटवर्क जोडणीसाठी आठ खण. यातल्या ब्लेडला स्वतःची नेटवर्क केबल नसते. तो आतल्या बोर्डातून मागच्या स्विचला जोडलेला असतो आणि बाहेर जाणाऱ्या मोजक्या केबल, म्हणजे अपलिंक, सगळ्यांच्या सामायिक. जुन्या वाड्यासारखं: बिऱ्हाडं वेगळी, दिंडीदरवाजा एक.

खरी गंमत इथे आहे. ब्लेड ‘कनेक्टेड’ असल्याचं दाखवतो, तेव्हा तो फक्त आतल्या स्विचपर्यंतच्या जोडणीबद्दल बोलत असतो. बाहेरची अपलिंक तुटली तरी त्याचा दिवा हिरवाच राहू शकतो. त्याच पेटीतला अॅप्लिकेशन सर्व्हर शेजारच्या डेटाबेस सर्व्हरशी मजेत गप्पा मारत असतो. तेवढंच पाहणारी देखरेख यंत्रणा ‘सगळं ठीक’ म्हणते. आणि केंद्रचालक फिरणारं चक्र बघत बसतो.

प्रत्येक ब्लेडला किमान दोन वाटा देतात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. पण पहिली वाट पुढे तुटली आहे हेच ब्लेडला कळलं नाही, तर तो दुसरीकडे वळणार कसा? यावर उपाय आहे. अपलिंक गेली की स्विचने आतली जोडणीही मुद्दाम पाडायची, म्हणजे ब्लेड दुसरी वाट धरतो. एचपीच्या व्हर्च्युअल कनेक्टमध्ये या सोयीचं नाव स्मार्टलिंक. इतर कंपन्यांकडेही अशी सोय असते. ती कुणीतरी आठवणीने सुरू करावी लागते, एवढंच.

आधी मोजा, मग हात लावा

जाणकार इंजिनिअर आल्याआल्या रीस्टार्ट मारत नाही. किती ब्लेड बंद आहेत, हे तो आधी पाहतो. एकच असेल तर त्याचं नेटवर्क कार्ड, ड्रायव्हर किंवा त्याला नेमून दिलेला व्हीलॅन तपासायचा. सगळेच असतील तर संशय स्विच आणि अपलिंकवर. मग ब्लेड दुसऱ्या खणात हलवून पाहायचा: दोष ब्लेडबरोबर गेला की खणातच राहिला? इथेही एक मेख आहे. व्हर्च्युअल कनेक्टमध्ये नेटवर्कची सेटिंग ब्लेडला नव्हे, खणाला चिकटलेली असते. त्यामुळे दोष खणात राहिला म्हणून लगेच खण खराब ठरत नाही. सेटिंगच चुकलेली असू शकते.

सर्वांत चकवणारा दोष पाकिटाच्या आकाराचा. वाटेतल्या एखाद्या स्विचवर मोठी डेटा पाकिटं पुढे जाऊ देण्याची सेटिंग नसेल, तर लॉगिनचं पान उघडतं, छोटी चाचणीही पास होते, पण कागदपत्रांची पीडीएफ अपलोड करताना सगळं गोठतं. शेवटी ‘तुमचंच नेट स्लो आहे’ असं म्हणून नागरिकालाच परत पाठवलं जातं.

आपल्या शहराला ही पद्धत नवी नाही. पाणचक्कीत पाणी कमी आलं तर कुणी जातं खोलत नाही, हर्सूलकडून येणारा नळ मागे मागे तपासत जातात.

कारण सांगायला काय हरकत?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हे सविस्तर जाहीर केलं. आपल्याकडे २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविम्याची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. पोर्टल संथ असल्याच्या तक्रारी त्या दिवसांत गावोगावी होत्या. तीन दिवस मिळाले हे चांगलंच, पण अडलं कुठे, हे रांगेतल्या शेतकऱ्याला कोण सांगतं?

सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं. ते मला पटत नाही. कुणी आयपी पत्ते मागत नाही. सेवा कधीपासून बंद, दोष सर्व्हरमध्ये की वाटेत, पर्यायी वाट का चालली नाही, एवढ्या तीन ओळी पोर्टलवर टाकल्याने कुठलं गुपित फुटतं? आणि परत पाठवलेल्या प्रत्येकाला तारीख-वेळ असलेली पोच द्या. मुदत चुकली तर तो ती दाखवू शकेल.

निविदेत ‘दुहेरी जोडणी’ लिहिलेली असतेच. पण दोन्ही केबल पुढे एकाच स्विचमध्ये खोचल्या असतील, तर ती दुहेरी फक्त बिलावर. म्हणून देखभालीच्या करारात एक ओळ वाढवा: दर तीन महिन्यांनी, कामकाज नसलेल्या वेळी, एक अपलिंक हाताने उपसून काढायची, सेवा चालू राहते का पाहायची आणि निकाल तारखेसह पोर्टलवर टाकायचा.