भिंतीवर नाव कुणाचे?

गेल्या महिन्यात कारंजा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत आम्ही चौघी बसलो होतो. ग्रामसभेला अवकाश होता, म्हणून भिंत वाचत बसलो. कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने आजवरच्या सरपंचांची यादी रंगवलेली होती : अनुक्रमांक, नाव, कार्यकाल. पुरुषांची नावे वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण. बाई सरपंच झाली त्या ओळीत मात्र तिच्या नावाचे एकच आद्याक्षर आणि पुढे नवऱ्याचे नाव पूर्ण! शेजारी आताच्या सरपंचबाईंचा मोबाइल नंबर होता. आमच्यातल्या एकीने तिथूनच लावला. फोन यजमानांनी उचलला.

पेंटरभाऊ पुढे कारंज्यातच भेटले. म्हणाले, "ताई, जागाच पुरत नव्हती. 'सौ.' आलं, मालकाचं नाव आलं, आडनाव आलं. कुठंतरी कापावंच लागते." त्यांच्या मनात काळेबेरे काही नव्हते. पण जागा कमी पडली की कापायचे ते बाईचेच नाव, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

या यादीत बाईची ओळ आली ती सहजासहजी नव्हे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. एवढ्या झगड्यानंतर मिळालेली ओळ एका आद्याक्षरावर सोडून द्यायची का?

कुणी म्हणेल, नावात काय आहे? पण आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने बाईचे नवे नाव लिहितात. तांदूळ हलले की ते अक्षरही जाते. भिंतीवरचे अक्षर तसे नाही. ते वर्षानुवर्षे राहते, आणि शाळेतल्या मुली ते वाचत मोठ्या होतात.

भिंतीवरची अक्षरे नावापुरतीच असतात असेही नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध स्त्री संघटनांनी रान उठवले, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. इथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, ते सांगणे गुन्हा आहे, अशी पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ठळक लावणे या कायद्याखाली बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेही छळाचे परिणाम आणि अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायला सांगितले आहे. प्रत्यक्षात अशी पाटी आम्ही कपाटामागे पाहिली आहे, आणि छताजवळ, मान मोडेल एवढ्या उंचीवरही. पाटी आहे, पण वाचता येत नाही. मग ती कुणासाठी?

म्हणून आम्ही सुरुवात स्वतःच्या खोलीपासून केली. आमच्या कारंज्याच्या कार्यालयाची भिंत चुन्याची. चुन्यावर थेट ऑइलपेंट मारला की पोपडे निघतात. भिंत खरवडली, घासली, प्रायमर दिला. त्याच पेंटरभाऊंना बोलावले, पण रंगवायला नाही, शिकवायला. खडू लावलेली दोरी दोघींनी ताणून धरली, तिसरीने मधोमध उचलून सोडली, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. आधी अक्षरे मोजायची, खडूने आखायची, मग ब्रश. "माझा हात थरथरतो," असे म्हणणारी आमची एक मैत्रीण दिवाळीत अख्खे अंगण न अडखळता रांगोळीने भरते. तिला आम्ही एवढेच सांगितले, की अंगण आता उभे आहे. तिने शिरोरेघ एका दमात ओढली.

भिंतीवर आम्ही ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक लिहिले, कायद्यांची माहिती लिहिली, आणि गटातल्या सगळ्यांची नावे लिहिली. प्रत्येकीला विचारून, ती सांगेल तसे. एकीने आईचे नाव घातले, एकीने आडनाव गाळले, दोघींनी 'सौ.' ठेवले. तो त्यांचा निर्णय. जागा पुरली. आधी मोजली, म्हणून पुरली!

फ्लेक्स एका दिवसात छापून मिळतो, हे खरे. पण तो दोरी कापली की उतरतो, आणि मजकूर कुणी ठरवला ते कळतही नाही. भिंत रंगवताना मात्र चार जणी थांबतात, विचारतात, वाद घालतात. आमच्या दृष्टीने निम्मे काम तिथेच होते.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, हार घालून झाला की आपल्या गावची भिंत वाचायला जा. पंचायत, अंगणवाडी, दवाखाना, शाळा. काय लिहिले आहे, किती उंचीवर आहे, कुणाचे नाव अर्धे आहे, कुणाचा नंबर दुसऱ्याच्याच खिशात वाजतो, ते टिपून घ्या. ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव मांडा. ठराव झाला की रंगाचा डबा घेऊन जा, आणि ब्रश दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

काय घडले ते आम्हाला कळवा. आणि पत्राखाली सही करताना आपले नाव पूर्ण लिहा.