झऱ्याच्या नदीवरचा धंदा : गल्ला फाटकात, भांडवल जमिनीखाली

नफा खावा, भांडवल खाऊ नये, हा नियम पेठेतल्या लहान दुकानदारालाही शिकवावा लागत नाही. परंतु ज्या धंद्याचे भांडवल डोळ्यांना दिसतच नाही, तेथे हा नियम सहज विसरला जातो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात झऱ्यांच्या नद्यांवर सरकारी उद्याने आहेत. तेथे लोक पोहायला, होडी वल्हवायला आणि वन्यप्राणी पाहायला जातात. त्यांच्यावर आसपासची हॉटेले, खाणावळी, पेट्रोलपंप आणि होड्या भाड्याने देणारे जगतात. या धंद्याचा गल्ला उद्यानाच्या फाटकात आहे. भांडवल मात्र कैक मैलांवर पसरलेले आणि जमिनीखाली आहे. आमचे म्हणणे असे की, सरकारने फाटकावर शिस्त लावली हे उत्तम झाले, पण त्यामुळे काम निम्मेच झाले आहे.

प्रथम हे झरे चालतात कसे ते पाहू. फ्लोरिडाच्या जमिनीखाली चुनखडीचा भोकाभोकांचा खडक आहे. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून त्यात साठते आणि जेथे वाट मिळेल तेथे जोराने वर येते. असे एक हजाराहून अधिक झरे या राज्यात आहेत. काही इतके मोठे की त्यांच्या उगमापासूनच नदी सुरू होते. उत्तर फ्लोरिडातील इचिटकनी ही अशीच नदी. लांबी अवघी सुमारे सहा मैल. पण दिवसाला वीस कोटी गॅलनांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ७५ कोटी लिटर, पाणी तिच्यातून वाहते. पाणी काचेसारखे नितळ, आणि त्याचे तापमान बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात ते गार वाटते आणि हिवाळ्यात उबदार. सगळ्या धंद्याचे मर्म याच दोन गुणांत, नितळपणात आणि स्थिर तापमानात, आहे.

सरकारने इचिटकनीचा परिसर १९७० साली विकत घेतला. त्याआधीपासूनच मोठ्या रबरी ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर वाहत जाण्याची चाल तेथे पडली होती. उद्यान झाल्यावर उन्हाळी सुट्टीत हजारोंची झुंबड उडू लागली. रस्त्याकडेला ट्यूब भाड्याने देणाऱ्यांची चंगळ झाली आणि नदीचे हाल झाले. उथळ पाण्यात माणसे उभी राहत, चालत, आणि तळाच्या पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जात. त्या गेल्या की त्यांवर जगणाऱ्या गोगलगाई, मासे, कासवे जातात आणि त्यांच्यामागे पक्षीही जातात. १९७९ साली फ्लोरिडा विद्यापीठात एक प्रबंध झाला. ही नदी किती माणसांचा भार सोसू शकते, हा त्याचा विषय. पुढे नदीच्या वरच्या टोकातून दिवसाला फक्त ७५० जणांना ट्यूबवर सोडण्याची मर्यादा घालण्यात आली. नदीत उतरताना खाद्यपदार्थ, तंबाखू आणि वापरून फेकायच्या वस्तू नेण्यासही बंदी झाली.

गिऱ्हाईक दारात उभे असताना त्याला परत पाठवायचे, हा व्यवहार अनेकांना उफराटा वाटेल. लहान भाडेकऱ्यांचे त्यात नुकसान होते, ही तक्रारही अगदीच खोटी नव्हे. पण जो माल पाहायला गिऱ्हाईक येते तोच पायदळी तुडवला गेला, तर पुढच्या हंगामात विकायचे काय? आज इचिटकनीच्या काठी पाणमांजरे, बीव्हर, कासवे, बगळे दिसतात, आणि ट्यूबच्या हंगामाबाहेरही होडी घेऊन लोक येतात. मर्यादेमुळे धंदा बुडाला नाही, उलट चार महिन्यांचा धंदा बारा महिन्यांवर पसरायला वाव मिळाला.

ब्ल्यू स्प्रिंगचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मध्य फ्लोरिडात, ऑर्लँडोपासून मोटारीने तासाभराच्या आत हे उद्यान आहे. मॅनेटी नावाचा अजस्र, शाकाहारी जलचर २० अंशांखालच्या पाण्यात फार काळ तगत नाही. म्हणून थंडी पडली की मॅनेटी मोठ्या नदीतून या झऱ्याच्या उबदार पाण्यात येतात. १९७०-७१ च्या हिवाळ्यात मोजणी सुरू झाली तेव्हा तेथे १४ मॅनेटी ओळखले गेले. १९७२ साली सरकारने जागा विकत घेतली. आता नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत झऱ्यात पोहण्यास सक्त मनाई असते. २०२४ च्या जानेवारीत एकाच दिवशी तेथे नऊशेहून अधिक मॅनेटी मोजले गेले. पाण्यात उतरायला बंदी असूनही, काठावरच्या लाकडी पुलावरून हे दृश्य पाहण्यासाठी इतकी गर्दी होते की उद्यान भरल्याची पाटी लावून फाटक बंद करावे लागते. पाणी बंद ठेवून तिकीट विकले जाते, यापेक्षा चांगला व्यापारधडा कोणता?

येथपर्यंत सर्व ठीक. पण फाटकावर ७५० माणसे मोजणारे सरकार फाटकाबाहेर उपसले जाणारे गॅलन मोजताना तितके कडक आहे काय? आमच्या मते नाही.

उपसा हाताबाहेर गेला की काय होते, हे फ्लोरिडाने फार पूर्वी पाहिले आहे. पोक परगण्यात बार्टोजवळ किसेंजेन नावाचा झरा होता. दिवसाला सुमारे दोन कोटी गॅलन पाणी तो देई. सहलीला आणि पोहायला लोक तेथे लोटत. फॉस्फेटच्या खाणींसह आसपासचा उपसा वाढत गेला आणि १९५० साली झरा वाहायचा थांबला. तेथे ना तिकीट वाढवून उपयोग होता, ना गर्दी कमी करून. माल वखारीतूनच नाहीसा झाला होता.

इचिटकनीचे अजून तसे झालेले नाही. पण २०१५ साली राज्य सरकारने या नदीसाठी किमान प्रवाहाची पातळी ठरवली, तेव्हाच प्रवाह त्या पातळीखाली गेलेला असल्याचे मान्य करून तो भरून काढण्याची योजना करावी लागली. म्हणजे खाते उघडले त्याच दिवशी तूट निघाली! तरीही परवाने सुटतच आहेत. २०२१ साली याच खोऱ्यातील गिनी स्प्रिंग्ज येथे बाटलीबंद पाण्यासाठी दिवसाला ९ लाख ८४ हजार गॅलन, म्हणजे सुमारे ३७ लाख लिटर, उपसण्याचा परवाना नव्याने देण्यात आला. त्यासाठी अर्जाची फी होती एकदाच भरायची ११५ डॉलर. पाण्याची किंमत शून्य. न्यायाने बोलायचे तर बाटलीवाल्यांचा उपसा एकूण उपशात लहानच आहे. शेतीचा आणि शहरांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. पण फुकट मिळणारी वस्तू कोणीही जपून वापरत नाही, मग तो कारखानदार असो, शेतकरी असो की बंगल्याची हिरवळ भिजवणारा गृहस्थ.

घाणीचेही तसेच. शेतातले खत, गोठ्यांचे शेण आणि घरोघरच्या मैल्याच्या टाक्या यांतील नायट्रेट वाळूतून झिरपून झऱ्यात येते. मग शेवाळ माजते, नितळ पाण्याचे सोंग उरते आणि मॅनेटी व कासवांचे खाद्य गुदमरते. यावर उपाय नाही असे नव्हे. लेक सिटी या शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी पूर्वी शेतात फवारले जाई आणि त्यातील नायट्रेट इचिटकनीकडे जाई. २०१६ साली त्या जागी पाणथळ तळी तयार करण्यात आली. तळ्यांतील वनस्पती नायट्रेट शोषून घेतात आणि नंतरच पाणी खाली मुरते. पैसा खर्चावा लागला, पण जागा योग्य निवडली. रोग होता तेथे औषध दिले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, भूगर्भातून मोठा उपसा करणाऱ्याने गॅलनच्या हिशेबाने मोबदला द्यावा आणि ती रक्कम त्याच झऱ्याच्या पाणलोटात खर्च व्हावी. लहान शेतकरी यात भरडला जाऊ नये. पाणी वाचवणाऱ्या सिंचनासाठी त्याला आज मिळणारे साहाय्य या रकमेतून वाढवता येईल. दुसरी गोष्ट, ज्या झऱ्याचा प्रवाह ठरलेल्या पातळीखाली आहे, तेथे तूट भरेपर्यंत नवा परवाना नको. तिसरी गोष्ट तेथील व्यापाऱ्यांसाठी. परवान्यांच्या जाहीर सुनावणीला पर्यावरणवाले जातात, तसे हॉटेलवाल्यांनी, होडीवाल्यांनी, खाणावळवाल्यांनीही आपल्या वह्या घेऊन जावे. झरा आटल्यास किती घरांची चूल थंडावेल, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

आमच्या वाचकांपैकी कोणाचे नातलग त्या राज्यात असतील आणि ऑर्लँडोला जाण्याचा योग आला, तर डिस्नेच्या नगरीतून एक दिवस काढून झऱ्याच्या नदीवर जरूर जावे. थंडीत गेल्यास मॅनेटी दिसतील. सुट्टीचा वार टाळावा आणि सकाळी लवकर फाटकावर पोहोचावे. दिवस सार्थकी लागेल. मात्र तिकिटाचे पैसे देताना हेही ध्यानात असावे की, ते पैसे फाटक, पूल आणि पहारेकऱ्याच्या पगाराला पुरतात, पाण्याला नव्हे. त्या पाण्याचे पैसे भरण्याची पाळी उपसणाऱ्यांची आहे आणि ते वसूल करण्याची सरकारची. नाहीतर किसेंजेनच्या कोरड्या खड्ड्याकाठी उद्या कोणी तिकीटखिडकी उघडली, तरी तिकीट घेणार कोण?