धोक्याची सूचना कोणापर्यंत पोहोचते?

घरगुती वापराच्या वस्तूंत स्मोक अलार्म ही एक विलक्षण वस्तू म्हटली पाहिजे. मिक्सर वा इस्त्री बिघडली तर ते त्याच दिवशी कळते. धूर होताच कर्कश आवाज करणारा हा छतावरचा पहारेकरी मात्र वर्षानुवर्षे मौन धारण करतो, आणि मौन हीच त्याची नित्याची अवस्था होय. चाचणीचे बटन दाबले म्हणजे भोंगा वाजतो हे खरे. परंतु धूर आतपर्यंत शिरतो की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत 'किड्डे' कंपनीने सुमारे ४ लाख ५२ हजार अलार्म परत मागविले. कारखान्यातील एक पिवळे टोपण काही नगांवर तसेच राहून गेले होते आणि त्यामुळे धूर टिपणाऱ्या दोन संवेदकांपैकी एक झाकला जाण्याचा संभव होता. ग्राहकाने अलार्म उतरवावा, बाजूच्या फटीतून टोपण दिसते का ते पाहावे आणि दिसल्यास बदली अलार्म विनामूल्य मागवावा, असे सांगण्यात आले. उपाय सोपा होता. पण ही वार्ता त्या घरात पोहोचली तरच त्याचा उपयोग. वस्तू एकदा दुकानाबाहेर पडली की ती कोणाच्या छताला लागली, याची नोंद कारखानदारापाशी बहुधा नसते.

याउलट २०१४ मधील 'नेस्ट' कंपनीचे उदाहरण पाहावे. हात हलवून भोंगा थांबविण्याची सोय तिच्या सुमारे ४ लाख ४० हजार अलार्ममध्ये होती. ती अनवधानाने कार्यान्वित होऊन इशारा लांबण्याचा धोका आढळला, तेव्हा इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांतील ही सोय कंपनीला दूरूनच बंद करता आली. दोष दोन्हीकडे होता. भेद होता तो उपकरणापर्यंत पोहोचण्याच्या सामर्थ्याचा.

विक्रेत्याला वस्तूविषयी जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, या विषमतेचे विवेचन जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली केले. सामान्यतः वारंवारची खरेदी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा अनुभव ही उणीव काही अंशी भरून काढतात. स्मोक अलार्मच्या बाबतीत हा अनुभव आग लागल्यावरच येणार! तेव्हा सदोष मालाला बाजारच शिक्षा करील, हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक वस्तू परत मागविण्याचा आदेश देण्याचे अधिकार केंद्रीय प्राधिकरणास दिले आहेत. २०२२ मध्ये या प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याला, प्रमाणित नसलेले प्रेशर कुकर घेणाऱ्या २,२६५ ग्राहकांना कळविण्याचा आदेश दिला. ग्राहकांची संख्या इतकी नेमकी सांगता आली, कारण खरेदीची नोंद उपलब्ध होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून रोखीने घेतलेल्या कुकरच्या बाबतीत हे कसे शक्य व्हावे?

म्हणून जिवाशी संबंध असलेल्या वस्तूंपुरती तरी, म्हणजे अलार्म, गॅस रेग्युलेटर, कुकर, हेल्मेट यांच्यापुरती, विक्रीच्या वेळी ग्राहकाची नोंद घेणे बंधनकारक असावे. तिचा अन्य उपयोग करण्यास मनाई असावी. यामुळे किंमत वाढेल, ही तक्रार टिकणारी नाही. आज बिल करताना अनेक दुकानांत दूरध्वनी क्रमांक विचारला जातोच आणि त्यावर सवलतींच्या जाहिरातीही नियमाने येतात. जाहिरात ज्या वाटेने येते त्याच वाटेने धोक्याची सूचना येण्यास अडचण कोणती?

दुसरे असे की, किती वस्तू परत मागविल्या हा आकडा जाहीर करून कंपनीची सुटका होता कामा नये. त्यांपैकी किती प्रत्यक्ष परत आल्या किंवा दुरुस्त झाल्या, हेही तिने ठरावीक मुदतीत प्रसिद्ध केले पाहिजे. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे आजही वापरात असलेल्या सदोष वस्तू होत.