सुई, दोरा आणि फावला वेळ

थंडी म्हटली की महाराष्ट्रातील माणसाच्या मनात काही चित्रे आपोआप उभी राहतात. शेकोटी, हुरडा, तिळगूळ आणि पेटीच्या तळातून बाहेर निघालेले, डांबरगोळ्यांचा वास बाळगणारे लोकरीचे कपडे. दुपारच्या कोवळ्या उन्हात बसून सुयांवर टाके घालणारी घरातील वडीलधारी स्त्री हेही त्यांतलेच एक चित्र. नोकरीच्या वा बदलीच्या निमित्ताने चेन्नईत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना मात्र हे चित्र स्मरणातच जपावे लागते. येथे जानेवारीतील पहाटही साधारणपणे वीस अंशांच्या आसपासची असते. शहरात आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमानसुद्धा चौदा अंशांच्या जवळपासचेच आहे. अशा गावी कोणी लोकर आणि सुया घेऊन बसले, तर ‘हे घालणार कोण?’ हा प्रश्न ठरलेलाच.

प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर हवामानाच्या नोंदवहीत शोधू नये, असे मला वाटते. ज्या गावी स्वेटरची गरज नाही, त्या गावी विणकाम करणारी व्यक्ती ते कशासाठी करते, हे अधिक स्पष्टपणे दिसते. गरजेचा भाग वजा केल्यावर जे शिल्लक उरते, तो निखळ आनंद. या लेखात त्या आनंदाविषयी आणि त्याच्या आड दडलेल्या एका हिशेबाविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

गरज वजा होण्याची ही प्रक्रिया आजची नाही. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने १५८९ मध्ये विणकामाचे पहिले यंत्र तयार केले, असे मानले जाते. हाताने सुयांवर घातला जाणारा फासा यंत्राला घालता आला आणि तेथून हातविणीची अपरिहार्यता ओसरू लागली. त्याच तत्त्वाची आजची यंत्रे आपल्या तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये अहोरात्र चालतात. तेथील बनियन आणि टी-शर्ट जगभर जातात. यंत्र काही तासांत जितके कापड विणते, तितके एका माणसाला वर्षभरातही विणता येणार नाही. तरीही जगात हातात सुया धरणारी माणसे संपलेली नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

चेन्नईचा हिवाळा म्हणजे मुख्यतः पावसाचा हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि संध्याकाळी घराबाहेर पडणे अवघड होते. पुढे मार्गळी महिना लागतो. पहाटे दारोदारी कोलम रेखाटले जाते, सभागृहांतून संगीतोत्सव रंगतात आणि वीस अंशांच्या ‘कडाक्यात’ फिरावयास निघालेली ज्येष्ठ मंडळी कानटोप्या चढवतात. घरात बसून हातांनी काही करावे, असा हाच काळ. अर्थात साहित्य येथील हवेला साजेसे हवे. जाड लोकरीऐवजी सुती धागा घ्यावा. तो घाम शोषतो, धुण्यास सोपा असतो आणि तान्ह्या बाळाच्या त्वचेला टोचत नाही. नवशिक्यांनी स्वेटरचा घाट घालण्यापेक्षा चौकोनी रुमाल, बाळाची टोपी किंवा क्रोशाचे लहानसे आसन यांपासून आरंभ करावा. दोन सुयांच्या विणकामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. बाकी सारी नक्षी ही त्यांचीच मांडणी होय. क्रोशाला तर एकच आकडा पुरतो.

या कामातील सुख कशात आहे? एक तर ते चुकीला क्षमा करते. ओळ चुकली तर उसवता येते, धागा वाया जात नाही. दुसरे म्हणजे श्रम डोळ्यांसमोर साठत जातात. कार्यालयातील अथवा घरातील बहुतेक कामे संध्याकाळी संपतात आणि सकाळी पुन्हा तशीच उभी राहतात. विणकामाच्या ओळी मात्र काल जेथे थांबल्या, तेथूनच आज पुढे जातात. आवर्ती ठेवीचे पुस्तक उघडून पाहणाऱ्यास होणारे समाधान याच जातीचे असावे. २०१३ मध्ये ब्रिटनमधील एका व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात ३,५४५ विणकरांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार विणणाऱ्यांनी मन शांत व प्रसन्न राहत असल्याचे सांगितले होते. उत्तरे देणारे सारे स्वतः विणणारेच असल्याने या पाहणीला मर्यादा आहेत. तथापि ज्यांनी हे काम केले आहे, त्यांना हा निष्कर्ष नवा वाटणार नाही.

विणकाम ही आपल्याकडे तुलनेने अलीकडची कला. गोधडी मात्र आपली जुनी सखी. गावोगावी शेतीची कामे उरकली की जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक अंथरून बायका गोधडी शिवावयास बसत. धावदोऱ्याची ओळ काठाकाठाने आत सरकत जाई आणि जीर्ण कापडाचे थर एकमेकांना धरून पुन्हा उभे राहत. महाराष्ट्रात तिला गोधडी अथवा वाकळ म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात, त्यांना कवंद असे नाव आहे. कवंदच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून केलेली ‘फुले’ लावल्याशिवाय त्या ती पुरी झाली असे मानीत नाहीत. उपयोगाच्या दृष्टीने त्या फुलांची काडीमात्र गरज नसते. जिच्याकडे कापडाचा तुकडाही जपून वापरावा लागतो, ती स्त्री जेव्हा असा अधिकचा तुकडा केवळ शोभेसाठी खर्च करते, तेव्हा आनंद ही संपन्नांचीच चैन आहे हा आपला समज तपासून पाहावा लागतो.

गोधडी चेन्नईतही निरुपयोगी नाही. वातानुकूलित खोलीत रात्री अंगावर घ्यावयास पातळ सुती गोधडीइतके सुखावह पांघरूण दुसरे नाही. आजीचे विरलेले नऊवारी आत आणि मदुराईची सुंगुडी साडी बाहेर, अशी गोधडी एखाद्या घरात तयार झाली, तर दोन प्रांतांचे वस्त्र एकाच टाक्याने जोडले जाईल. नवजात बाळासाठी दुपटे आणि कुंची जुन्या मऊ कापडाचीच करावी, ही आपली परंपराही त्याच शहाणपणातून आलेली आहे.

या शहराने सुई-दोऱ्याच्या क्षेत्रात एक जागतिक विक्रमही केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहाने जगातील सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण जोडून पूर्ण केले. सुभश्री नटराजन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या समूहातील स्त्रियांनी आपापल्या घरी चौकोन विणले आणि ते एकत्र सांधले. त्याचे क्षेत्रफळ ११,१४८.५ चौरस मीटर भरले, म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकर. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. नंतर ही पांघरुणे गरजूंना देण्यात आली. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१५ च्या महापुराने हे शहर हादरून गेले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पांघरुणाची ऊब अधिक जाणवते. हवामानाच्या हिशेबात चेन्नईला इतक्या मोठ्या पांघरुणाची गरज नव्हती. एकमेकींपासून दूर बसून विणणाऱ्या स्त्रियांना एकत्र येण्याची मात्र होती.

येथवर सारे गोडच आहे. आता त्या हिशेबाकडे वळू.

विणकाम, क्रोशे, गोधडी यांचा उल्लेख होताच आपण सहज म्हणून जातो, ‘फावल्या वेळातील छंद’. हा फावला वेळ येतो कोठून? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या माणसांसाठीच्या विनामोबदला कामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यासाठी देतात, तर अशा कामात सहभागी होणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे सुमारे पाच तासांचे काम उरकल्यावर जो वेळ हाती लागतो, त्याला आपण ‘फावला’ हे विशेषण लावतो. आणि त्या वेळात काही सुंदर निर्माण झाले, की कौतुकाने सुचवतो, ‘इतके छान करता, मग विकत का नाही?’

ही सूचना सद्भावनेने केलेली असते. पण तिचे परिणाम काय होऊ शकतात, याचे उदाहरण चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या नरसापूरला सापडते. मिशनऱ्यांकडून एकोणिसाव्या शतकात तेथे क्रोशाची लेस आली आणि हजारो घरांतून तिचे काम सुरू झाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण मार्मिक होते. माल परदेशी बाजारात जात होता, व्यापारी नफा कमावीत होते. परंतु विणणारी स्त्री ‘गृहिणी’ मानली गेल्याने तिचे श्रम ‘रिकाम्या वेळचा उद्योग’ ठरत आणि तिला अत्यल्प मजुरी मिळे. काम तेच, तासही तेच. केवळ एका शब्दामुळे मोल घटले.

आपल्या घरातही हे घडू शकते. समजा, एका क्रोशाच्या शालीस ७०० रुपयांचा धागा आणि ४० तास लागले, आणि ती १,२०० रुपयांस विकली गेली. पाचशे रुपये सुटले म्हणून आनंद होतो. वस्तुतः तासाला साडेबारा रुपये पदरी पडलेले असतात. त्यातही ग्राहक म्हणतो, ‘बाजारात यंत्राची याहून स्वस्त मिळते.’ अशी दहा कामे अंगावर घेतली की मान, मनगट आणि डोळे दुखू लागतात, शेवटची तारीख मानगुटीवर बसते आणि ज्या आनंदासाठी सुई हाती धरली होती, तो केव्हा निसटला हे कळतही नाही. छंद गेला आणि धंदाही झाला नाही, अशी स्थिती होते.

म्हणून माझे नम्र मत असे की, सुई-दोऱ्याची खाती दोन असावीत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले खाते आनंदाचे. त्यात नफ्यातोट्याची नोंद नसावी. नातवासाठी दुपटे, मैत्रिणीसाठी रुमाल, अनाथालयासाठी पांघरूण, किंवा कोणासाठीही नसलेला, केवळ रंग आवडले म्हणून विणलेला चौकोन, हे सारे त्या खात्यात जमा. अशा कामाला ‘उपयोग काय?’ असा प्रश्न घरातील कोणीही विचारू नये. दूरदर्शनसमोर बसलेल्यास आपण तो प्रश्न विचारीत नाही.

दुसरे खाते व्यवसायाचे. तेथे मात्र कौतुकावर भागवू नये. वहीत धाग्याच्या किमतीबरोबर तासही लिहावेत. किमतीत मजुरी स्पष्टपणे धरावी आणि ती परवडत नसेल, तर नाही म्हणावयास संकोचू नये. एकटीला भाव मिळत नसेल तर गटाने मिळू शकतो. तमिळनाडूत १९८९ मध्ये धर्मपुरी जिल्ह्यापासून महिला बचत गटांची चळवळ शासकीय पाठबळाने सुरू झाली आणि १९९२ पासून नाबार्डच्या पुढाकाराने देशभर असे गट बँकांशी जोडले जाऊ लागले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळते. सुया, धागा, शिलाई यंत्र यांसाठी आरंभी एवढे भांडवल पुष्कळ झाले.

येथे बँकेतील बंधुभगिनींनाही एक विनंती करावीशी वाटते. खाते उघडण्याच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे ‘गृहिणी’ असा शब्द आला, की आपली लेखणी पुढे सरकते. तेथे क्षणभर थांबून ‘घरी आणखी काही काम करता का?’ एवढे विचारावे. उत्तर कदाचित गोधडी असेल, लेस असेल, लोणची-पापड असतील. ज्या कामाची नोंद होते, त्याच्यासाठी पतही उभी राहू शकते. नरसापूरच्या स्त्रियांचे जे नुकसान एका शब्दाने झाले, ते टाळण्याची संधी आपल्या काउंटरवर रोज येत असते.

आणि पुरुषांनी या साऱ्यापासून दूर का राहावे? पेरू देशातील टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तेथे सुयांवर टोप्या विणण्याचे काम पुरुषच करतात. युनेस्कोने २००५ मध्ये त्या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. आपल्याकडे निवृत्तीनंतर ‘वेळ जात नाही’ अशी तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी एखाद्या दुपारी सुलट-उलट टाके शिकून पाहावेत. निदान सुई ओवून द्यावी, धाग्याचे गुंडे करून द्यावेत आणि त्या २९९ मिनिटांतील थोडी आपल्या वाट्याला घ्यावीत. घरातील स्त्रीचा फावला वेळ खऱ्या अर्थाने तिचा व्हावा, यासाठी याहून सोपा उपाय नाही.

यंदा पावसाळी संध्याकाळी किंवा मार्गळीतील निवांत दुपारी कपाटातील एखादी जुनी सुती साडी बाहेर काढावी. ती कोणासाठी शिवावयाची आणि कोणत्या खात्यात मांडावयाची, एवढे आधी ठरवावे. मग खुशाल धावदोऱ्याची पहिली ओळ घालावी.